आहे आणि नाही: आयर्लंडचे दोन कौल

२०१५ च्या एप्रिलमधल्या एका संध्याकाळी डब्लिनमधल्या आमच्या भाड्याच्या घराची घंटा वाजली. दारात साठी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते. बारीक पाऊस पडत होता, त्यांच्या टोपीच्या कडेवरून थेंब ओघळत होते आणि पत्रके भिजू नयेत म्हणून त्यांनी ती कोटाच्या आत छातीशी धरली होती. समलिंगी विवाहाला मान्यता द्यावी का, यावर २२ मे रोजी होणाऱ्या सार्वमतात तुम्ही कोणत्या बाजूने मत देणार, असे त्यांनी अदबीने विचारले. मी अजून या देशाची नागरिक नाही, त्यामुळे मला मत नाही, असे सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, ‘‘हरकत नाही. कामावर कुणाशी बोलणे निघालेच, तर एवढेच सांगा की एका म्हाताऱ्याला मुलाच्या लग्नात नाचायचे आहे आणि त्यासाठी तो तीन आठवडे अनोळखी लोकांची दारे वाजवत फिरतो आहे.’’ मग ते शेजारच्या घराकडे वळले. तिथले दार उघडले नाही. पडदा मात्र हलला.

ही आठवण पुन्हा वर आली ती आमच्या कणकवलीच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटामुळे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही जणांचे एकमत होते. अशा जोडप्यांच्या नात्याला निदान नागरी भागीदारीचा दर्जा असावा का, यावर मात्र पीठ तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले आणि तेही मिळाले नाही. त्या रात्री गटावर एका जुन्या मित्राने लिहिले, ‘‘तुमच्या आयर्लंडसारखे आपल्याकडेही एकदा सार्वमत घेऊन टाकावे, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल.’’ त्याच्या मनात काही वाईट नव्हते. मला मात्र दोन ओळींत उत्तर देता आले नाही, आणि पुढे मार्च २०२४ मधल्या आयर्लंडच्या आणखी एका सार्वमतानंतर तर ते आणखीच लांबले.

आम्हा कोकणातल्या माणसांना कौल ही काही नवी गोष्ट नाही. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणे घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली की काम करावे, डावी पडली की थांबावे. विहीर कुठे खणायची इथपासून सोयरीक करायची की नाही इथपर्यंत सगळे विचारले जाते. माझे आजोळ पेडण्याचे. गोव्याने महाराष्ट्रात यावे की वेगळे राहावे, हे ठरवण्यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जे मतदान झाले, त्यालाही जनमत कौल असेच नाव पडले. आजोबांनी विलीनीकरणाचे चिन्ह असलेल्या फुलाला मत दिले आणि वेगळे राहण्याच्या बाजूची दोन पाने ३४,०२१ मतांनी जिंकली. आजोबा शेवटपर्यंत हळहळत राहिले, पण लोकांना विचारायलाच नको होते, असे ते कधी म्हणाले नाहीत, कारण प्रश्न ज्यांच्या गावाचा होता त्यांनाच विचारला गेला होता. आयर्लंडमध्ये २०१५ साली जे घडले ते यापेक्षा वेगळे होते. तिथे थोड्या माणसांच्या सोयरिकीसाठी सगळ्या देशाला कौल लावला गेला.

तसे करण्यावाचून तिथे गत्यंतर नव्हते, हे आपल्याकडच्या चर्चांमध्ये सहसा सांगितले जात नाही. आयर्लंडची राज्यघटना १९३७ ची, तेव्हाचे सरकारप्रमुख एमन डी व्हॅलेरा यांच्या काळातली. आपल्या घटनाकारांनी राज्यधोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना तिथूनच घेतली. घटनादुरुस्तीची रीत मात्र घेतली नाही. आपल्याकडे संसदेचे दोन तृतीयांश बहुमत, आणि काही विषयांत निम्म्या राज्यांची संमती, एवढ्याने घटना बदलता येते. आयर्लंडमध्ये एक स्वल्पविराम हलवायचा झाला तरी संसदेच्या दोन्ही सभागृहांनंतर तो प्रश्न जनतेपुढे जावाच लागतो. त्या घटनेचे ४१ वे कलम कुटुंबाविषयी आहे. कुटुंब विवाहावर उभे असते आणि त्या विवाहसंस्थेचे शासन विशेष काळजीने रक्षण करील, असे ते कलम सांगते. विवाह म्हणजे पुरुषाचा आणि स्त्रीचाच, असे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते, पण न्यायालये त्याचा अर्थ तसाच लावत आली होती. कॅनडात रीतसर लग्न करून आलेल्या कॅथरीन झॅपोन आणि अ‍ॅन लुईज गिलिगन यांनी आपल्याला करआकारणीत विवाहित दांपत्य मानावे म्हणून दावा लावला, तेव्हा २००६ साली उच्च न्यायालयाने हाच अर्थ पुढे करून तो फेटाळला. २०१० च्या कायद्याने नागरी भागीदारी मिळाली खरी, पण घटनेच्या लेखी असे जोडपे म्हणजे कुटुंब नव्हते. साधा कायदा करून प्रश्न सोडवला असता, तर तो दुसऱ्या दिवशी न्यायालयात अडकण्याची भीती होती.

त्याआधीचा इतिहास आपल्याला परका वाटू नये असा आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा आयर्लंडमधला कायदा इंग्रजांनी १८६१ साली केलेला होता. आपले ३७७ वे कलम १८६० च्या दंडसंहितेतले, म्हणजे दोन्ही एकाच घाण्यातून निघालेले. डेव्हिड नॉरिस हे ट्रिनिटी कॉलेजातले प्राध्यापक त्याविरुद्ध आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात १९८३ साली तीन विरुद्ध दोन मतांनी हरले, १९८८ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयात जिंकले, आणि तरीही कायदा प्रत्यक्ष बदलायला १९९३ उजाडले. या सगळ्या लढ्यात नॉरिस यांच्या वकील होत्या मेरी रॉबिन्सन, ज्या पुढे देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. आपल्याकडे ते काम २०१८ च्या सप्टेंबरात झाले.

सार्वमताचा प्रश्न लोकांपुढे थेट आपटला गेला नाही, हेही सांगायला हवे. आधी एक घटना परिषद बसवली गेली. तिच्यात चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले ६६ सामान्य नागरिक, ३३ राजकारणी आणि एक अध्यक्ष अशी शंभर माणसे होती. त्यांनी दोन्ही बाजूंच्या लोकांना समोर बसवून ऐकले आणि एप्रिल २०१३ मध्ये ७९ टक्क्यांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने शिफारस केली. शिवाय १९९५ च्या एका निकालानुसार सार्वमतात सरकारला एका बाजूच्या प्रचारावर सरकारी पैसा खर्च करता येत नाही. प्रश्न काय आहे हे समजावून सांगणारी पुस्तिका स्वतंत्र आयोग घरोघर पाठवतो, आणि ती इतकी काटेकोरपणे तटस्थ असते की वाचून झोप यावी.

घटनेत घालायचे वाक्य मात्र छोटे होते. लिंगाचा भेद न करता कोणत्याही दोन व्यक्तींना कायद्यानुसार विवाह करता येईल, एवढेच. त्यातही एक गंमत झाली. आयर्लंडच्या घटनेत आयरिश आणि इंग्रजी मजकुरांत फरक निघाला तर आयरिश मजकूर ग्राह्य धरतात, आणि पहिल्या मसुद्यातल्या आयरिश वाक्याचा अर्थ, कीस पाडला तर, फक्त समलिंगी जोडप्यांनाच लग्न करता येईल असा होऊ शकतो, असे कुणाच्या तरी लक्षात आले. सरकारने तो मजकूर निमूटपणे बदलला. ज्या भाषेत रोजचा व्यवहार फार थोडे लोक करतात, तिच्यातल्या एका वाक्याने मंत्रिमंडळाची धावपळ उडवावी, हे मराठी माणसाला कुठेतरी सुखावून जाणारे होते.

त्या आयरिशची आणखी एक खूबी मला मतपत्रिकेमुळे कळली. मतपत्रिकेवर दोन चौकोन असतात आणि त्यांच्यापुढे इंग्रजी होय-नाहीबरोबर आयरिशमध्ये ‘तॉ’ आणि ‘नील’ असे छापलेले असते. आयरिशला होय आणि नाही यांसाठी स्वतंत्र शब्दच नाहीत. ‘तॉ’ म्हणजे ‘आहे’ आणि ‘नील’ म्हणजे ‘नाही’, अगदी आपल्यासारखे.

मे महिन्यापर्यंत शहरातला एकही दिव्याचा खांब मोकळा उरला नाही. नकाराच्या बाजूचे फलक बहुतेक मुलांविषयी होते: मुलाला आई हवी, मुलाला आई आणि बाप दोघेही हवेत. वास्तविक दत्तक आणि पालकत्वाचा प्रश्न संसदेने त्याच वसंतात स्वतंत्र कायदा करून हाताळला होता आणि सार्वमताने त्यात काही फरक पडणार नव्हता, पण खांबावरच्या फलकाला तळटीप जोडता येत नाही. होकाराच्या बाजूने ट्रिनिटीच्या विद्यार्थ्यांनी ‘आजीला फोन लावा’ अशी मोहीम काढली, आणि माझ्या मते तिने शंभर वादविवादांचे काम केले. तत्कालीन आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी जानेवारीत, आपल्या ३६ व्या वाढदिवशी, रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे सांगून टाकले होते. त्यांचे वडील मुंबईत वाढलेले डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड, म्हणजे आमच्या घरापासून फार लांब नाही. दोन वर्षांनी ते पंतप्रधान झाले, तेव्हा बाबांचा फोन आला होता, ‘‘आपल्या वराडचो झील थयलो प्रधानमंत्री झालो!’’ मी जरा चाचपडत दुसऱ्या गोष्टीचा उल्लेख केला. पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘‘ता त्येंचा त्येंका म्हायत. कारभार बरो करता मा?’’

मतदानाच्या आदल्या दिवसापासून विमानतळावर आणि फेरीबोटींच्या धक्क्यांवर परदेशातून परतलेली तरुण मुले उतरू लागली. परदेशी स्थायिक झालेल्या आयरिश माणसाला तिथे टपालाने मत देता येत नाही; हवे असेल तर स्वतः यावे लागते, आणि तेही देश सोडून फार काळ झालेला नसेल तरच.

मतमोजणी शनिवारी होती आणि मी प्रयोगशाळेत पाळीवर होते. आमच्या विभागाच्या ज्येष्ठ बाई रोज सकाळी कामाआधी चर्चमध्ये जाऊन येणाऱ्या. सेंट्रिफ्यूजच्या घरघरीत रेडिओ नीट ऐकू येत नव्हता, म्हणून त्यांनी तो उचलून नमुन्यांच्या रॅकशेजारी आणून ठेवला. एकेका मतदारसंघाचा आकडा येत होता आणि त्या ट्यूबांवर लेबले चिकटवत होत्या. ४३ पैकी ४२ मतदारसंघांनी होकार दिला. रॉसकॉमन आणि दक्षिण लेट्रिम हा एकच ग्रामीण मतदारसंघ निसटत्या फरकाने नकाराकडे गेला. एकूण १२,०१,६०७ लोकांनी होय म्हटले, ७,३४,३०० लोकांनी नाही. म्हणजे ६२ टक्के. बाईंनी कसे मत दिले हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘माझ्या भावाला हे बघायला मिळायला हवे होते.’’ त्यांना भाऊ होता हे मला तोवर ठाऊक नव्हते. संध्याकाळी बातम्यांत झॅपोनबाईंनी थेट प्रक्षेपणात आपल्या पत्नीला पुन्हा लग्नाची मागणी घातलेली पाहिली. पहिली लग्ने त्याच वर्षी नोव्हेंबरात लागली.

एवढ्यावर थांबले तर मित्राचे म्हणणे खरे ठरते. पण आमच्याच रुग्णालयातल्या एका सहकाऱ्याचे त्या आठवड्यातले बोलणे मी विसरू शकत नाही. त्याचा जोडीदार दहा वर्षांचा. निकालाच्या आनंदात तोही होता, तरी चहा पिताना म्हणाला, ‘‘महिनाभर बसमध्ये समोर बसलेल्या प्रत्येक माणसाकडे बघून मला वाटायचे, याने माझ्याबद्दल काय ठरवले असेल? उद्या कुणी तुझ्या लग्नावर मतदान घेतले तर?’’ आमच्या लग्नाला दोन्हीकडच्या मिळून आठ-दहा नातेवाइकांची संमती मिळवताना माझी दमछाक झाली होती. बारा लाखांची कल्पना मला करवेना. दहापैकी जवळजवळ चार माणसांनी नाही म्हटले होते, आणि ती माणसे दुसऱ्या दिवशीही त्याच बसमध्ये होती. सार्वमताने सोक्षमोक्ष लागतो तो कायद्याचा. त्याची किंमत मात्र ज्यांच्याबद्दल विचारले जाते तेच मोजतात, आणि जिंकले तरी मोजतात.

तरीही त्या पद्धतीच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. न्यायाधीशांनी आमच्यावर लादले, असे म्हणायला तिथे कुणाला जागा उरली नाही. गावोगावच्या आजी-आजोबांनी शाळेच्या वर्गात जाऊन पेन्सिलीने फुली मारली होती. त्या निकालाला नंतर कुणी गंभीरपणे हात घातला नाही.

मग आले २०२४. तोवर मी नागरिक झाले होते आणि हे माझे पहिले सार्वमत होते. तारीख ८ मार्च, महिला दिनाची मुद्दाम निवडलेली. प्रश्न दोन होते आणि दोन्ही त्याच ४१ व्या कलमातले. पांढऱ्या मतपत्रिकेवर विचारले होते की कुटुंब विवाहावर ‘किंवा इतर टिकाऊ नात्यांवर’ उभे असते, असे घटनेत म्हणावे का. हिरव्या मतपत्रिकेवर विचारले होते की स्त्रीच्या घरातल्या वास्तव्यामुळे राष्ट्राला आधार मिळतो आणि आर्थिक गरजेपोटी आयांना घरची कर्तव्ये सोडून कामावर जावे लागू नये, अशा आशयाचे १९३७ चे वाक्य काढून टाकावे का, आणि त्याऐवजी कुटुंबातले लोक एकमेकांची जी काळजी घेतात तिला आधार देण्यासाठी शासन ‘झटेल’ असे घालावे का. जवळजवळ सगळे मोठे पक्ष होकाराच्या बाजूने होते. पंतप्रधान वराडकर होते. २०१५ च्या यशानंतर हे दोन प्रश्न म्हणजे हातचा मळ, असाच सगळ्यांचा समज होता.

या वेळी माझ्या दारावरची घंटा एकदाही वाजली नाही.

टिकाऊ नाते म्हणजे किती टिकाऊ, हे कुणालाच सांगता येईना. दोन वर्षे एकत्र राहिलेले जोडपे? लग्नाची बायको असताना दुसरीकडे थाटलेला संसार? शेतजमिनीचा वारसा कुणाकडे जाणार? मंत्र्यांची उत्तरे एकमेकांशी जुळेनात आणि शेवटी ते न्यायालये ठरवतील, असे सांगितले जाऊ लागले. माजी महाधिवक्ते सिनेटर मायकल मॅकडॉवेल यांनी नेमका तोच धागा उसवत नेला. वास्तविक या बदलाची गरज ज्यांना होती ती माणसे खरीच होती. वीस वर्षे बिनलग्नाचा संसार केलेल्या टिपरेरीतल्या एका बापाला जोडीदारीण वारल्यावर विधुर पेन्शन नाकारली गेली होती आणि त्यासाठी तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जानेवारीत, सार्वमताच्या सहा-सात आठवडे आधी, तो जिंकला. त्याच्या घरची गोष्ट सांगत कुणी दारोदार फिरले असते तर आकडे थोडे वेगळे दिसले असते, असे मला अजूनही वाटते.

मी पांढऱ्यावर ‘तॉ’ केले. हिरव्यापाशी माझी पेन्सिल अडली. ते जुने वाक्य मला मुळीच नको होते. रात्रपाळी करणाऱ्या बाईला त्यात काय जिव्हाळा असणार? पण आमच्या गल्लीत एक जोडपे आहे, त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा आणि जन्मापासून चाकाच्या खुर्चीत. त्या आईने मला फाटकापाशी उभे राहून सांगितले होते, ‘‘झटेल म्हणजे काय, हे मला विचार. मी एकोणीस वर्षे झटते आहे आणि ते पत्रे पाठवताहेत.’’ अपंग मुलाची काळजी ही कुटुंबाचीच बाब, असे तर घटनेत पक्के होणार नाही ना, अशी भीती अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अनेकांनी बोलून दाखवली होती. मी ‘नील’वर फुली मारली आणि ती घडी घालून पेटीत टाकताना मला अपराधी वाटले.

पहिला प्रश्न ६७.७ टक्क्यांनी आणि दुसरा ७३.९ टक्क्यांनी फेटाळला गेला. मतदान ४४ टक्के. वराडकर यांनी चूक कबूल केली आणि बारा दिवसांत पद सोडत असल्याचे जाहीर केले. त्याला एकटे सार्वमत कारण होते असे ते म्हणाले नाहीत.

पुष्कळांनी लिहिले की आयर्लंड मागे फिरले. मला तसे वाटत नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले तर त्यांत विसंगती कमी आणि सातत्य जास्त दिसते. २०१५ साली आयरिश मतदाराने लग्नाचे दार सगळ्यांना उघडून दिले, आणि आत येणाऱ्यांना लग्नच हवे होते, म्हणजे त्या मतदाराला जी गोष्ट पवित्र वाटत होती तीच. दारातल्या त्या गृहस्थांनी माझ्याकडे समतेवर भाषण केले नव्हते; मुलाच्या लग्नात नाचायचे आहे असे ते म्हणाले होते, आणि ते कुठल्याही सनातनी आजीला समजणारे होते. २०२४ साली सांगितले गेले की लग्नाशिवायचे घरही घरच आहे. ते खरे आहे, पण त्याला चेहरा कुणी दिला नाही, नुसते एक विशेषण दिले. समलिंगी विवाहाला होकार देणारा समाज पुरोगामी झाला असे समजणाऱ्यांची चूक तिथेच झाली, आणि आपल्याकडे असा विवाह आला तर विवाहसंस्था मोडेल असे म्हणणारेही उलट टोकाकडून तीच चूक करतात.

मित्राला मी शेवटी लिहिले की आपल्या घटनेत अशा सार्वमताची सोय नाही आणि तशी गरजही नाही, कारण जे आयर्लंडला घटना बदलून करावे लागले ते आपल्या संसदेला साधा कायदा करून करता येते. न्यायालयाने चेंडू तिच्याकडेच टाकला आहे. त्याने अंगठा पाठवला.

मतमोजणीच्या रात्री बाबांना फोन केला. त्यांनी विचारले, ‘‘कौल कसो झालो?’’

‘‘डावो. दोनूय डावे.’’

‘‘मगे गाराणा चुकला असतला,’’ बाबा म्हणाले. ‘‘गुरवाक सांग, परत विचार म्हणान.’’

तसे तिथे झालेही आहे. घटस्फोटाला १९८६ साली ६३ टक्क्यांहून अधिक लोकांनी नाही म्हटले आणि १९९५ साली जेमतेम ९,११४ मतांच्या फरकाने होय. आयोगाची ती झोप आणणारी पुस्तिका माझ्याकडे अजून आहे. तिच्या जोडीला घटनेची प्रत उघडली की ४१ वे कलम एका नजरेत येते. वर, दुसऱ्या उपकलमात, स्त्री घरात आहे. खाली, चौथ्यात, कोणत्याही दोन व्यक्तींचे लग्न आहे. आणि मध्ये घटस्फोटाच्या अटी आहेत.